भूल उतरताना : डॉक्टर जॉन स्नो

जॉन स्नो म्हटलं की बहुतेकांना पंप आठवतो. लंडनची ब्रॉड स्ट्रीट, १८५४ सालचा कॉलरा, आणि पाण्याच्या पंपाचा दांडा काढून टाकायला लावणारा हुशार डॉक्टर. ही गोष्ट आपण कुठे ना कुठे वाचलेली असते. पण कॉलरा हा या माणसाचा ध्यास होता, पोटाचा धंदा नव्हता. पोट चालत होतं भूल देण्यावर. लंडनच्या नामांकित सर्जनांकडे आपलं यंत्र घेऊन जायचं, रुग्णाला क्लोरोफॉर्म हुंगवायचा, तो कसा झोपला आणि कसा उठला हे बघायचं, मग वहीत टिपून ठेवायचं. हे काम त्यांनी दहा वर्षांहून जास्त केलं. चार हजारांच्या वर माणसांना त्यांनी क्लोरोफॉर्म दिला आणि त्यात लहान मुलं पुष्कळ होती.

ऑपरेशन कुणी केलं हे घरात सगळ्यांना पाठ असतं. भूल कुणी दिली ते विचारा, कुणाला सांगता येत नाही. म्हणून मला स्नो यांची ही दुसरी बाजू लिहावीशी वाटली.

जॉनचा जन्म १५ मार्च १८१३ चा, इंग्लंडच्या यॉर्क शहरातला. वडील मजूर. नऊ भावंडांत जॉन थोरला. घर नदीकाठच्या गरीब वस्तीत होतं. पोरगा गणितात हुशार, म्हणून चौदाव्या वर्षी घरच्यांनी त्याला न्यूकॅसलच्या विल्यम हार्डकॅसल नावाच्या सर्जनकडे उमेदवारीला ठेवलं. तेव्हा डॉक्टर होण्याचा एक रस्ता असाच असायचा. मोठ्या डॉक्टरच्या घरी राहा, औषधं कुटा, जखमा बांधा आणि बघत बघत शिका. सतराव्या वर्षी एक पुस्तक वाचून जॉनने मांसाहार सोडला, पुढे दारूही वर्ज्य केली. त्या काळच्या इंग्लंडमध्ये हे जरा विचित्रच. आपल्याकडे धारवाडात मात्र कुणी भुवईसुद्धा उंचावली नसती.

अठरा वर्षांचा असताना, १८३१ मध्ये, न्यूकॅसलकडे कॉलरा आला आणि हार्डकॅसलने या पोराला किलिंगवर्थच्या कोळशाच्या खाणीवर पाठवलं. त्या वयात तिथं त्याने जे मरण बघितलं ते पुढे आयुष्यभर त्याच्या डोक्यात राहिलं. त्यानंतर बर्नोपफील्ड नावाच्या खेड्यात त्याने मदतनीस म्हणून काम केलं. हे नाव लक्षात ठेवा, त्याच्या आसपासचं एक गाव पुढे परत येणार आहे. १८३६ मध्ये तो लंडनला शिकायला निघाला तो चक्क चालत, तेही सरळ रस्त्याने नाही. लिव्हरपूल, वेल्स, बाथ असा वळसा घालत. १८३८ मध्ये सर्जनची परीक्षा झाली, १८४४ मध्ये एम.डी.

इथून पुढे मी त्यांना डॉक्टर स्नो म्हणते. सोहो भागात फ्रिथ स्ट्रीटवर त्यांनी खोल्या घेतल्या. लग्न केलं नाही. पैसेवाले रुग्ण नव्हते. आवाज घोगरा, बोलणं संथ. डॉक्टरांच्या सभेत ते बोलायला उभे राहिले की सुरुवातीला कुणी लक्षच द्यायचं नाही. तरी ते दर वेळी उठून बोलायचेच. खोलीत पिंजऱ्यांतून पक्षी, उंदीर, बेडूक ठेवलेले असायचे. त्यांच्यावर श्वासाचे प्रयोग चालायचे. १८४१ मध्ये जन्मताच न रडणाऱ्या, श्वास न घेणाऱ्या बाळांना कसं वाचवावं यावर त्यांनी निबंध वाचला. भूल नावाची गोष्ट जगात यायला अजून पाच वर्षं होती, पण हा माणूस आधीपासूनच श्वासाचा अभ्यास करत बसला होता.

भूल नसतानाचं ऑपरेशन म्हणजे काय, याची कल्पना आपल्याला करता येत नाही. तिरळ्या डोळ्याचं उदाहरण घेऊ. डोळा सरळ करायचा तर बुबुळाला ओढून धरणारा स्नायू सोडवावा लागतो. हे ऑपरेशन पहिल्यांदा यशस्वी केलं बर्लिनच्या डिफेनबाख या सर्जनने, १८३९ मध्ये, सात वर्षांच्या मुलावर. भुलीशिवाय. मुलाला धरून ठेवलं असणार, पापण्या फाकवल्या असणार, आणि मुलाला डोळ्यासमोर हत्यार येताना दिसलं असणार. इतिहासाच्या पुस्तकात ऑपरेशनची तारीख मिळते, त्या मुलाला कसं वाटलं ते मिळत नाही.

१६ ऑक्टोबर १८४६ ला अमेरिकेत बॉस्टनला मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथर हुंगवून रुग्णाला झोपवलं आणि त्या झोपेत ऑपरेशन झालं. डिसेंबरात ही बातमी जहाजाने लंडनला पोचली. त्याच महिन्याच्या शेवटी स्नो यांनी एका दंतवैद्याकडे ईथरचा प्रयोग डोळ्यांनी बघितला. बाकीचे लोक चमत्कार बघून थक्क झाले होते. स्नो यांना मात्र प्रश्न पडला की एकाला गाढ झोप लागते, दुसरा नुसताच बडबडतो आणि हातपाय झाडतो, असं का?

उत्तर त्यांना तापमानात सापडलं. एप्रिलच्या दुपारी रुमालावर अत्तर शिंपडा आणि डिसेंबरातल्या पहाटे केलगेरीच्या तळ्याकाठी शिंपडा. बाटली तीच, पण दुपारचं भसकन उडतं आणि पहाटेचं रुमालातच बसून राहतं. ईथरचंही तसंच. हवा जितकी गरम तितकी वाफ जास्त. म्हणजे डॉक्टरने किती थेंब टाकले याला अर्थ नाही. रुग्णाच्या श्वासात किती गेले त्याला अर्थ आहे. काही आठवड्यांतच स्नो यांनी कुठल्या तापमानाला हवेत किती ईथर मावतं याचा तक्ता छापला. मग असं यंत्र केलं की औषधाचं भांडं पाण्यात बसवलेलं असेल, म्हणजे त्याचं तापमान फार हलणार नाही, आणि तोंडावरच्या मास्कची झडप सरकवून साधी हवा कमीजास्त आत घेता येईल. सुरुवातीला पातळ, मग हळूहळू दाट. नाकावर रुमाल दाबून धरण्यापेक्षा हे किती वेगळं, हे ज्याला गुदमरल्याचा अनुभव आहे त्याला सांगायला नको.

१८४७ मध्येच त्यांचं ईथरवरचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी भुलीच्या पाच पायऱ्या मांडल्या. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. पहिल्या पायरीवर माणसाला काहीतरी वेगळं वाटतं, पण आपण कुठे आहोत ते कळतं. दुसऱ्या पायरीवर मन चालू असतं पण विस्कटलेलं असतं. माणूस बोलतो, हात हलवतो, पण त्याचा मेळ नसतो. तिसऱ्या पायरीवर मनाचा व्यवहार थांबतो, नुसते स्नायू आखडतात. चौथ्या पायरीवर श्वास सोडला तर काही हलत नाही. पाचवी पायरी, जिथे श्वासही अडखळतो, ती त्यांनी फक्त प्राण्यांत बघितली होती आणि माणसाला तिथे कधीच न्यायचं नव्हतं. रुग्ण कुठल्या पायरीवर आहे हे ओळखायला ते त्याच्या पापणीच्या कडेला हलकेच बोट लावून बघायचे. पापणी मिटली तर अजून थांबा.

आणि त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली, जिच्यासाठी मी हा सगळा लेख लिहायला घेतला. माणूस उठतो तेव्हा याच पायऱ्यांनी उलटा वर येतो. चौथी, तिसरी, दुसरी, पहिली. म्हणजे शुद्धीवर येणं हे बटण दाबल्यासारखं नसतं. झोप आणि जाग यांच्यामध्ये ती विस्कटलेली दुसरी पायरी आहे आणि प्रत्येकाला ती परत ओलांडावी लागते.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी बघितलेलं होतं. केलगेरीत आमच्या गल्लीतल्या एका मावशींच्या चार वर्षांच्या मुलाचं तिरळेपणाचं ऑपरेशन होतं. ऑपरेशन छान झालं. मुलाला बाहेर आणलं, दहा मिनिटं तो शांत होता, आणि मग एकदम किंचाळायला लागला. पाय झाडतोय, सलाईनची नळी ओढतोय, डोळ्यावरची पट्टी उपटायला बघतोय. मावशी जवळ घ्यायला गेल्या तर त्यांनाच ढकलून आई पाहिजे म्हणून ओरडतोय. सख्खी आई समोर, आणि पोरगा तिला ओळखत नाही! मावशींचा चेहरा मला आजही आठवतो. आजीने तर मुलाला काहीतरी लागलंय म्हणून मीठ-मोहरी ओवाळायची तयारी केली. मी पण मनात नमो मरिया सुरू केलं, कारण दुसरं काय करणार. नर्स तेवढी शांत होती. तो अजून उठलाच नाहीये, डोळे उघडलेत एवढंच, असं ती सांगत होती. वीस-पंचवीस मिनिटांनी पोरगा परत झोपला आणि उठल्यावर त्याने बिस्किट मागितलं. झालेल्या प्रकारातलं त्याला काही म्हणता काही आठवत नव्हतं. आईला मात्र सगळं आठवत होतं.

नर्सचं ते बोलणं म्हणजे स्नो यांची दुसरी पायरीच होती, हे मला नंतर कळलं.

आता मागे जाऊ. नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिनबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणला. ईथरपेक्षा वास बरा, झोप लवकर, यंत्राची गरज नाही, रुमालावर थोडा ओतला की काम झालं. सगळे त्याच्यामागे धावले. आणि तीन महिन्यांच्या आत, २८ जानेवारी १८४८ ला, न्यूकॅसलजवळच्या विन्लॅटन गावात हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना मेली. क्लोरोफॉर्मने झालेला जगातला पहिला नोंदलेला मृत्यू. विन्लॅटन हे बर्नोपफील्डच्या शेजारचं. ज्या मुलखात स्नो तरुणपणी औषधं घेऊन फिरले होते तिथलीच ही पोर.

हॅनाचं आधी एकदा ईथरखाली ऑपरेशन झालेलं होतं. या वेळी ती फार घाबरली होती, रडत होती. खुर्चीत बसवून तिच्या नाकाशी क्लोरोफॉर्मचा रुमाल धरला आणि दोनतीन मिनिटांत सगळं संपलं. सिम्प्सन म्हणाले, क्लोरोफॉर्मचा दोष नाही. तिला शुद्धीवर आणायला तोंडात ब्रँडी आणि पाणी ओतलं, त्याने ती गुदमरली. स्नो यांचं म्हणणं वेगळं होतं. रुमालावरून वाफ किती दाट जाते ते कुणालाच कळत नाही. दाट वाफेचा एखादा जोरकस श्वास थेट हृदयाला मारतो. त्यांनी क्लोरोफॉर्मसाठीही मोजून वाफ देणारं यंत्र तयार केलं आणि पुढची दहा वर्षं तेच वापरलं. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर झोपतात आणि लवकर उठतात हे त्यांनी नोंदवलं. फाटलेल्या ओठाची तान्ही बाळं, मूतखड्याची मुलं, तिरळ्या डोळ्यांची मुलं, सगळी त्यांच्या वह्यांतून येतात. एक वर्षाच्या आतलीच शंभराहून जास्त बाळं होती. ज्या काळात बरेच डॉक्टर लहान मुलांना भूल द्यायला घाबरत होते किंवा मुलांना भुलीची गरजच काय असं म्हणत होते, त्या काळातली ही गोष्ट. मुलांना वेदना कमी होतात असा समज त्यानंतरही कितीतरी वर्षं टिकला.

त्या वह्या तीन आहेत, जुलै १८४८ पासून जून १८५८ पर्यंतच्या. नाव, वय, ऑपरेशन, सर्जन कोण, रुग्ण कसा झोपला, रडला का, ओकारी झाली का, कसा उठला. साहित्याच्या विद्यार्थिनीला हे लिखाण रूक्ष वाटायला हवं. मला ते रूक्ष वाटत नाही. सर्जनसाठी टाका पडला की गोष्ट संपते. हा माणूस त्यानंतरचंही लिहून ठेवत होता.

त्यांची प्रसिद्धी झाली ती राणीमुळे. बाळंतपणाच्या कळा हा देवाने हव्वेला दिलेला शाप आहे, तो टाळणं म्हणजे देवाची आज्ञा मोडणं, असं म्हणणारे लोक तेव्हा होते. सिम्प्सन यांनी त्यांना बायबलमधूनच उत्तर दिलं होतं. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने आदामाची फासळी काढण्याआधी त्याला गाढ झोप आणली, हे त्यांनी दाखवून दिलं. वाद किती मोठा होता याबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. काहींच्या मते तो मागाहून फुगवून सांगितला गेला. काही असो, ७ एप्रिल १८५३ ला राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी व्हिक्टोरिया राणीला क्लोरोफॉर्म द्यायला स्नो यांना बोलावलं. तिथे त्यांनी यंत्र नेलं नाही. घडी केलेल्या रुमालावर थोडा थोडा क्लोरोफॉर्म टाकत, कळ आली की हुंगवत, त्रेपन्न मिनिटं. राणी पूर्ण झोपलीच नाही, फक्त कळा बोथट झाल्या. १८५७ मध्ये राजकन्या बियाट्रिसच्या वेळी परत बोलावणं आलं. यॉर्कच्या मजुराचा मुलगा राजवाड्यात! पण कुणी राणीबद्दल खोदून विचारलं तर ते काही सांगायचे नाहीत.

कॉलऱ्याची गोष्ट थोडक्यात. १८५४ च्या सप्टेंबरात सोहोत माणसं पटापट मरायला लागली. स्नो घरोघर फिरले, कोण कुठलं पाणी पितं ते विचारलं, आणि ८ सप्टेंबरला ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा निघाला. यात हेन्री व्हाइटहेड नावाच्या तरुण धर्मगुरूंचा वाटा मोठा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. त्यांना स्नो यांचं म्हणणं आधी अजिबात पटलं नव्हतं. ते खोटं ठरवायला म्हणून ते आपल्या वस्तीत घरोघर हिंडले, आणि ज्या बाळाच्या दुपट्यांचं धुणं पंपाच्या विहिरीजवळच्या कुंडात जात होतं ते बाळ त्यांनीच शोधून काढलं. विरोधकाने इतक्या प्रामाणिकपणे शोध घेतला की तो मित्र झाला.

१० जून १८५८ ला क्लोरोफॉर्मवरचं मोठं पुस्तक लिहीत असतानाच स्नो यांना पक्षाघात झाला. १६ जूनला ते गेले. वय पंचेचाळीस. पुस्तक त्यांचे मित्र बेंजामिन रिचर्डसन यांनी त्याच वर्षी छापून आणलं, सुरुवातीला त्यांचं चरित्र जोडून.

त्यांच्यामागे त्यांचा क्लोरोफॉर्मचा वाद आपल्या दख्खनमध्ये आला, हे फार जणांना माहीत नसतं. हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी म्हणायचे की क्लोरोफॉर्म हृदयाला काही करत नाही. आधी श्वास थांबतो, मगच हृदय; तेव्हा नाडी बघत बसू नका, श्वास बघा. म्हणजे स्नो यांच्या अगदी उलट. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या पैशाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन कमिशनं बसली. दुसऱ्या वेळी तर निजामाने लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाला हजार पौंड देऊन लंडनहून लॉडर ब्रंटन या नामांकित डॉक्टरांना बोलावून घेतलं. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि निकाल लॉरींच्या बाजूने लागला. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी तेव्हा निजामाच्याच राज्यात, म्हणजे मराठी मुलखातसुद्धा हैदराबादचं वजन होतं. याच हैदराबादेत शिकून रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाई भूल द्यायला लागल्या; जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात. त्यांच्यावर कुणीतरी वेगळा लेख लिहायलाच हवा.

निकाल फिरला १९११ मध्ये. इंग्लंडमध्ये लेव्ही या डॉक्टरांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की क्लोरोफॉर्मने हृदय अचानक थरथरून थांबू शकतं. आणि हे गाढ भुलीत होत नाही. भूल हलकी असताना, शरीरात अ‍ॅड्रेनलीन उसळलेलं असताना होतं. अ‍ॅड्रेनलीन म्हणजे माणूस घाबरला, झटापट करायला लागला की रक्तात सुटतं ते. म्हणजे हृदयाबद्दल स्नो बरोबर होते, पण दाट वाफ हे एकच कारण नव्हतं. रडणारी, घाबरलेली पंधरा वर्षांची पोर आणि नाकाशी नुकताच धरलेला रुमाल. हॅनाच्या मरणात तिच्या भीतीचाही हात असावा, असं त्यानंतर मानायला लागले. इतकी वर्षं सगळे डॉक्टर वाफ मोजत होते, रुमाल बघत होते, ब्रँडीवर भांडत होते, आणि तिची भीती ही औषधाइतकीच मोजायची गोष्ट आहे हे कुणाच्या हिशोबातच नव्हतं. स्नो यांच्यासुद्धा.

आज क्लोरोफॉर्म कुणी देत नाही. लहान मुलांना बहुधा सेव्होफ्लुरेन हुंगवतात. त्याचा वास सौम्य, झोप झटकन, जागही झटकन. पण वर येताना ती दुसरी पायरी आहेच. १९६१ मध्ये एकेनहॉफ या अमेरिकन भूलतज्ज्ञांनी शुद्धीवर येताना होणाऱ्या या खळबळीचा मोठा अभ्यास छापला आणि ती लहान मुलांत जास्त असते हे दाखवलं. दोन ते पाच वर्षांची मुलं, डोळ्यांची आणि कान-नाक-घशाची ऑपरेशनं, जाताना आधीच घाबरलेलं मूल, झटकन उतरणारी भूल, आणि वर दुखणं, हे एकत्र आलं की धोका वाढतो. तिरळेपणाच्या ऑपरेशनात यातलं जवळजवळ सगळंच असतं. शिवाय जाग येते तेव्हा डोळ्यावर पट्टी किंवा डोळा सुजलेला, मलमामुळे सगळं धुरकट. अर्ध्या जागेपणी डोळे उघडावेत आणि दिसू नये, यापेक्षा भीतीदायक काय असेल?

यावर भूलतज्ज्ञ बरंच काही करतात. ऑपरेशन संपता संपता शिरेतून प्रोपोफोलचा छोटा डोस देतात, म्हणजे जाग हळू येते. किंवा सगळी भूलच प्रोपोफोलवर देतात. डेक्समेडेटोमिडीन नावाचं औषध देतात, त्याने मूल झोपेतून उठल्यासारखं उठतं. दुखण्याचं औषध जाग येण्याआधीच दिलेलं असतं. ऑपरेशनआधी मुलाला खेळात, मोबाइलवरच्या कार्टूनमध्ये गुंतवतात. जमेल तिथे दोन्ही डोळे एकदम बांधत नाहीत. रिकव्हरी रूममध्ये दिवे मंद ठेवतात, मुलाला हलवून हलवून उठवत नाहीत, स्वतःहून उठू देतात. आणि आईबाबांना आधी सांगून ठेवतात की असं होऊ शकतं, बहुधा पाऊण तासाच्या आत जातं, मूल तुम्हाला ओळखणार नाही, त्याला पडू देऊ नका, पट्टी ओढू देऊ नका, हळू आवाजात बोलत राहा. यातलं शेवटचं काम फुकटचं आहे आणि नेमकं तेच राहून जातं असं मला वाटतं; आमच्या मावशींना कुणी सांगितलेलं नव्हतं.

२००४ मध्ये ही खळबळ मोजायची एक पट्टी तयार झाली, आता ती जगभर वापरतात. स्नो यांच्या पायऱ्यांसारखीच ती नुसत्या निरीक्षणावर चालते, यंत्र लागत नाही. नर्स पाच गोष्टी बघते. मूल समोरच्याच्या डोळ्यांत बघतं का, त्याच्या हालचालींना काही हेतू आहे का, आजूबाजूचं भान आहे का, ते अस्वस्थ आहे का, समजावल्यावर शांत होतं का. तिरळेपणाचं ऑपरेशन झालेल्या, पट्टी बांधलेल्या मुलाच्या बाबतीत पहिल्याच गोष्टीला अडतं. मग ती उरलेल्या चारांवर नजर ठेवते, आणि आईला पलंगाच्या त्या बाजूला उभं करते जिकडचा डोळा उघडा आहे.